वर यायचं निमित्त

घाटाच्या वळणावर एक माणूस उभा होता आणि त्याने एक निळी पेटी छातीशी अशी धरली होती, की मला वाटलं, आत तान्हं बाळबीळ आहे की काय! मोटरसायकल कडेला, अवकाळी पावसाच्या चिखलात आडवी झालेली. तो स्वतः गुडघ्यापर्यंत माखलेला. पेटीवर मात्र चिखलाचा एक शिंतोडा नाही.

मी जीप थांबवली.

"वर चाललात?" त्याने विचारलं.

"या रस्त्यानं दुसरीकडे कुठे जाता येतं?"

तो हसला. "मला नाही नेलंत तरी चालेल. पण ही पेटी न्या. आतला बर्फ वितळायच्या आत पोचायला हवी."

म्हणजे हा तोच. शेळ्यांचा सरकारी डॉक्टर. येतो येतो म्हणून सगळा हिवाळा ज्याने आम्हाला ताटकळत ठेवलं होतं, तो.

"बसा," मी म्हटलं, "पेटीसकट."

बसल्यावरही पेटी मांडीवरच. जीपला धक्का बसला की एक हात तिच्या झाकणावर जायचा. मला राहवेना. "पेटीला एवढं जपणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला मी."

"आत लस आहे. एकदा तापली की गेली वाया." मग म्हणाला, "तुम्ही प्रकल्पाच्या प्रमुख ना? म्हणजे माझी वाट बघत होतात."

"लशीची."

"अच्छा." तो बाहेरच्या धुक्याकडे बघत म्हणाला. "मग लस पोचली की मी परत फिरू?"

"टोचायला कोण शिकवणार?"

"म्हणजे थोडी माझीही बघत होतात."

मी गिअर बदलला. चढ अवघड होता म्हणून... असं निदान मी स्वतःला सांगितलं.

मी या डोंगरातलीच. खाली शिकले, चार वर्षं शहरात नोकरी केली आणि मग आपल्या माणसांत परत आले. आमच्याकडे घर पुरुषाच्या नावावर, जमीन पुरुषाच्या नावावर. शेळ्या तेवढ्या बायकांच्या. पण शेळी आजारी पडली की खालून डॉक्टर येईपर्यंत ती डोळे मिटायची. बायकांच्या मालकीची एकुलती एक गोष्ट, तीही दर साथीला हातातून जायची. म्हणून आम्ही ठरवलं, की डोंगरातल्या बायका-मुलींनीच हे काम शिकायचं. लस टोचायची, औषध पाजायचं, अडलेली शेळी सोडवायची. शिकून झालं की डॉक्टरने प्रत्येकीच्या परवान्यावर सही करायची. मग औषधांच्या थंड कपाटाची किल्ली बायकांकडे, आणि कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

प्रमुख म्हणून मला खुर्ची होती. तिचा एक पाय मोडका होता, त्यामुळे मी बहुतेक उभीच असायची.

पत्र्याच्या खोलीत दर गुरुवारी वर्ग भरायचा. सगळ्यात पुढे माझी आत्या. जन्म शेळ्यांमागे गेलेला आणि जिभेला धार अशी, की दांडगे बोकडही तिच्या वाटेला जात नसत. तिच्या शेजारी चिमणी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. आम्ही सगळे चिमणीच म्हणायचो, कारण ती गप्प बसलेली कुणी पाहिली नव्हती. सतरा वर्षांची. तिच्या बापाने बजावलं होतं: पावसाळ्याआधी परवाना हातात आला तर राहा इथे, नाहीतर शहरात एका घरी धुण्याभांड्याला. ती वर्गात डोळे फाडून बघायची.

डॉक्टर बोलायचा, मी आमच्या बोलीत सांगायची.

"मानेजवळची कातडी अशी चिमटीत धरायची," तो शेळीला गुडघ्यांत धरून सांगत होता, "आणि सुई घालताना तिच्याशी बोलायचं."

आत्याने बोलीत मला विचारलं, "याला विचार, घरी कोण कोण असतं."

सगळ्यांचे कान टवकारले. माझे तापले. "आत्या विचारतेय," मी म्हटलं, "सुई किती तिरकी धरायची."

त्याने अगदी मन लावून सांगितलं. हातवारे करून, फळ्यावर चित्र काढून. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या.

"मी काही चुकीचं सांगितलं का?"

"छे! छान सांगितलंत."

"मग हसतात का?"

"त्या... स्वभावानेच हसऱ्या आहेत."

वर्ग सुटल्यावर तो सुया उकळत होता. मी मागे कपाट आवरत होते. त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "घरी आई असते. आणि एक म्हातारं मांजर. बाकी कुणी नाही."

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

"तुम्हाला... आमची बोली कळते?"

"थोडी थोडी. चिमणी शिकवते, तुमच्यापासून चोरून." मग भांड्यातल्या वाफेआडून तो हसला. "पण सुईचं उत्तर मी मनापासून दिलं होतं हं."

त्या दिवशी मी जीप घेऊन त्याला खाली सोडायला गेले नाही. तोंड दाखवायची सोय नव्हती. पुढच्या गुरुवारी मात्र सकाळपासून तीनदा वळणापर्यंत जाऊन आले. रस्ता खचलाय का ते बघायला, असं आत्याला सांगितलं.

"रस्ता ठीक आहे ना मग?" आत्याने विचारलं.

"ठीक आहे."

"आणि तू?"

मी ठीक नव्हते. गुरुवार सोडून बाकीचे दिवस मला उगाच लांबलेले वाटत होते. मला तो आवडला होता, त्यात लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि मी ते सगळ्यांपासून लपवत होते.

एका दुपारी आत्याची काळी शेळी अडली. पिल्लू आडवं. डॉक्टरने हात बघितला स्वतःचा, मोठा, रुंद. "माझा जाणार नाही. चिमणे, ये."

चिमणीने बाही दुमडली. एरवी दोन क्षण गप्प न बसणारी पोर, तोंडातून शब्द नाही. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसून हळू आवाजात बोलत होता, आमच्याच बोलीत, मोडकंतोडकं: "घाई नको... पाय शोध... मिळाला? आता ती कळ देईल तेव्हाच ओढ." मी शेळीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आणि मग ओलं, काळं, लुळं पिल्लू गवतावर आलं, शिंकलं, आणि चिमणी रडायलाच लागली. त्या गोंधळात त्याने शेळीवरून माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

"झाली की ही तयार," नंतर मी त्याला म्हटलं. "आता सह्या?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. "पुढच्या गुरुवारी बघू. थोडी उजळणी करून घेऊ."

पुढच्या गुरुवारी त्याला वाटलं, खुरं तासणं परत दाखवायला हवं. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणे, आत्याचा हात जरा थरथरतो. आत्याचा! जी एका हाताने बोकड उचलते! मला राग यायचा, पण डॉक्टर आणखी एकदा येणार म्हणून मी तो गिळायची. आभाळ भरून यायला लागलं होतं.

आणि एका सोमवारी चिमणीचा बाप दारात येऊन उभा राहिला. "परवा येतेय गाडी. शहरातल्या घरी शब्द दिलाय मी. तुमचा परवाना काही येत नाही, ताई." चिमणी त्याच्या मागे उभी होती.

मी तशीच जीप काढली.

त्याच्या दवाखान्यात पोलादी टेबलावर एक कुत्रं पहुडलं होतं आणि तो त्याच्या पायाला पट्टी बांधत होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर कशासाठी आले तेच आठवेना. पण क्षणभरच.

"बायकांवर विश्वास नाही तुमचा," मी म्हटलं. "स्पष्ट सांगा. डोंगरातल्या बायका डॉक्टरणी झालेल्या बघवत नाहीत ना?"

"असं नाहीये."

"मग काय आहे? चिमणी परवा जातेय भांडी घासायला!"

त्याच्या हातातली पट्टी गळून पडली. "परवा? ती मला काही बोलली नाही..."

"तुमची मर्जी सांभाळत होती बिचारी. कधी तयार होणार त्या, सांगा!"

"त्या कधीच्या तयार आहेत." त्याने कुत्र्याला हळूच खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सह्या केल्या की माझं वरचं काम संपतं. बदलीचा हुकूम तयार आहे, पार समुद्राकडे. एक दिवसाची वाट. मग मी वर यायचं कशाला? कुठल्या निमित्तानं? मला... तुम्हाला बघायला यायचं असायचं. दर गुरुवारी. म्हणून म्हटलं, अजून एक आठवडा... अजून एक..."

खरं सांगते, माझ्या आत आनंदाने काहीतरी उसळलं. हेच ऐकायला मी किती दिवस आसुसले होते. आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला होता. दोन्ही एकदमच, आणि खरे दोन्ही.

"मला भेटायचं होतं, तर मला विचारायचं होतं," मी म्हटलं. "त्यांना का अडवलंत? आजवर सगळ्यांनी आपापल्या सोयीसाठी त्यांनाच अडवलंय. तुम्हीही?"

मी उत्तरासाठी थांबले नाही. जिन्यावरून उतरताना डोळ्यांसमोरच्या पायऱ्या धूसर दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर आला. गुरुवार नव्हता. मी बायकांना बोलावलं. चिमणी बापाला हाताला धरून घेऊन आली. मला वाटलं, हा गुपचूप सह्या करील आणि मान खाली घालून जाईल. पण तो उभा राहिला आणि आमच्या बोलीत, अडखळत अडखळत, सगळ्यांसमोर बोलला. "तुम्ही कधीच तयार होतात. उशीर माझ्यामुळे झाला. मला इथं येत राहायचं होतं, म्हणून मी तुम्हाला थांबवलं. चूक माझी आहे. शिकण्यात तुमचं काही कमी नव्हतं."

मी जमिनीकडे बघत होते.

आत्या उठली. वाटलं, हसून सोडून देईल. ती हसली नाही. "का यायचं होतं, ते आंधळ्यालाही दिसत होतं," ती म्हणाली. "पण पोरीचं नुकसान झालं असतं, ते तू भरून दिलं असतंस का?"

"नाही," तो म्हणाला. "भरून देता आलं नसतं."

"मग बस. आधी सह्या. बाकीचं तुझं तू बघ."

त्याने सह्या केल्या. पहिली चिमणीची. मग आत्याने औषधांच्या कपाटाची किल्ली घेतली आणि चिमणीच्या हातावर ठेवली. बापाने किल्लीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "आमच्या पांढरीला खोकला आहे कालपासून," तो शेवटी पुटपुटला. चिमणीने त्याला तिथेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. खाते का, नाक वाहतं का, बाकीच्यांत बांधलीय का. दुसऱ्या दिवशी आलेली गाडी चिमणीला न घेताच परत गेली.

तो जाताना मी दारात उभी होते. त्याने थांबून माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. कदाचित त्या दिवशी विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं असेल. मीही थांबवलं नाही. बरोबरच होतं ते. तरी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

पाऊस आला, साथही आली. खालच्या गावांत शेळ्या पटापट गेल्या. आमच्याकडे एकही नाही. चिमणी उन्हापावसात वस्त्यावस्त्यांतून फिरत होती, आणि लोक आता तिला चिमणी म्हणताना जरा अडखळायचे. मी खूश होते. मनापासून खूश होते. फक्त गुरुवारी जेवण जायचं नाही.

एका रविवारी मी छपरावर चढून गळका पत्रा बसवत होते. खालून चिमणीचा करडा आवाज आला, "काय काम आहे?"

"काही काम नाही."

तो आवाज ऐकून माझा हात जागीच थबकला.

"शेळी आणलीत?"

"नाही."

"औषध हवंय? लस?"

"काहीच नको. तुझ्या ताईला भेटायचंय. समुद्राकडून रात्रभर बसने आलोय."

"मग आधी नाही का सांगायचं!" आणि मान वर करून ती केवढ्याने तरी ओरडली, "ताई, तुझ्याकडे आलेत! बिनकामाचे!"

मी शिडीवरून उतरले. केसांत गंज, हाताला डांबर. तो समोर उभा होता, थकलेला, दाढी वाढलेली.

"तुम्ही म्हणालात... विचारायचं होतं," तो म्हणाला. "तर विचारायला आलोय. मी भेटायला येत जाऊ का? नाही म्हणालात तर संध्याकाळची बस आहे."

"एवढ्या लांबून? दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

"इकडे परत बदली मागणार?"

"मागितली तर दोन वर्षं लागतील. आणि तुम्हाला इथलं काम सोडून या, असं मी कधीच म्हणणार नाही."

मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं, इतके दिवस, जीप चालवताना, पत्रे बसवताना. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. "मला तुमची फार आठवण येते," मी म्हटलं. "गुरुवारी तर विचारू नका."

तो हसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते पुसलंही नाही.

"पण दर आठवड्याला नाही," मी म्हटलं. "एकदा तुम्ही, एकदा मी."

पुढच्या शनिवारी मी पिशवी भरली. आत्या उंबऱ्यात बसली होती. "कुठे निघालीस? कार्यालयाचं काम?"

"नाही."

"मग बैठक?"

"नाही, आत्या. त्याला भेटायला," मी म्हटलं आणि बस पकडायला धावले.