दहाव्याचा भात

दिनांक ९ मार्च २०२५, रविवार, सकाळी साडेदहा. मुलुंड पूर्व, गव्हाणपाडा, ‘पारिजात’ सोसायटी, दुसरा मजला. त्या वेळी घडले त्याची ही नोंद मी लेखी करतो. बोलून सांगणे आता मला जमत नाही.

प्रश्न संगणकाच्या मंदगतीचा होता. संगणक माझा थोरला भाऊ श्यामकांत याचा; जानेवारीत तो वारला आणि यंत्र माझ्याकडे आले. सुरू व्हायला ते अकरा मिनिटे घेई. त्यात दादाचे आत्मचरित्र होते, म्हणजे त्याच्या हस्तलिखिताच्या चार हजार पानांची छायाचित्रे. मूळ कागद वाळवीने खाल्ले होते. दादाचे गद्य सैल, बोलभांड, अलंकारांनी बुजबुजलेले. वाचताना मला अक्षरशः किळस येई. ते मी शुद्ध, सघन भाषेत पुन्हा लिहून काढले होते आणि माझी प्रत दोन दिवसांत मुद्रकाकडे जायची होती.

इस्पितळात दादा म्हणाला होता, “एक शब्द बदलू नकोस रे.” मरणाऱ्या माणसाशीही मी वाद घातला. दहाव्याला, नाशिकच्या घाटावर, कावळा पिंडाजवळ आला आणि मान फिरवून बसला. “बोला ना, जसंच्या तसं छापतो म्हणून,” वनमाला, माझी पत्नी, कुजबुजली. खोटे वचन देणे मला मान्य नव्हते. मी गुरुजींना दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायला लावले, आणि आम्ही जेवायला गेलो.

तर त्या रविवारी भीमराज आला. स्टेशनरस्त्यावर त्याचे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे. पन्नाशीचा, तोंडाने फटकळ माणूस. त्याने यंत्राचे झाकण काढले आणि मागे सरला.

“काका, जेवणाचा डबा आत ठेवता काय?”

पंख्याच्या पात्यांत करडा, चिकट गोळा अडकला होता. वर बुरशीची लव, आत भात. कोंदट मोरीत आठवडाभर पडलेल्या ओल्या फडक्यासारखा आंबूस दर्प. भीमराजने तो चिमट्याने ओढला तेव्हा लाळेसारखी तार लांबत गेली. भातात काळे तीळ होते.

“उंदीर,” मी म्हणालो.

“उंदीर भात शिजवतो, वर तीळ घालतो?” वनमाला म्हणाली.

भीमराजने आतला भाग ब्रशने घासला, धूळ उडवली, झाकण लावले. यंत्र अकरा मिनिटांनीच जागे झाले. मग पंखा घरघरला आणि थांबला.

झाकण पुन्हा निघाले. दुसरा गोळा. हा ताजा होता. त्यातून वाफ निघत होती.

“याला मी हात लावणार नाही,” भीमराज म्हणाला.

वनमालाने नाकाला पदर लावला. “आता तरी बोला.”

मला ओकारी येत होती. पण ओकारी हा युक्तिवाद नव्हे. मंदगतीचे कारण काय, असे मी भीमराजला विचारले.

“डिस्क गच्च भरलीये. हे फोटो उडवा, झकास पळेल. यांची दुसरी कॉपी आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो.

नव्हती. वनमालाला ते ठाऊक होते. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी चार हजार पाने पुसून टाकली. मग कचरापेटीही रिकामी केली. दादाचा एकही शब्द आता कुठे उरला नव्हता. उरले होते ते माझे.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. नऊ सेकंद लागले.

भीमराजने वाकून आत पाहिले. पंखा गरगर फिरत होता. पाती कोरडी, लखलखीत.

“साफ आहे,” तो म्हणाला. “पण गोळा गेला कुठं? काढला कुणी?”

मला उत्तर द्यायचे होते. वाक्य कर्त्यापासून क्रियापदापर्यंत तयार होते. ते बाहेर येईना.

जीभ हलत नव्हती. तिच्यावर काहीतरी होते. ऊन, मऊ, आंबूस.

दातांखाली तीळ फुटला.

वनमाला माझ्याकडे पाहत नव्हती. ती खिडकीच्या जाळीकडे पाहत होती. तिथे कावळा बसला होता. तो दोन पावले पुढे सरकला, त्याने माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिले, आणि मान फिरवली.

“शिवणार नाही तो,” वनमाला म्हणाली.