मांजराच्या डोळ्यांचा वाघ

“अहो पेंटर, हे मांजर आहे!”

दीपमाला हे बोलली तेव्हा तिच्या मनात वाईट काही नव्हतं. सातपूरच्या शाळेत चित्रकला शिकवून ती घरी निघाली होती. भादव्याचं ऊन, खांद्यावर चित्रकलेच्या वह्यांची पिशवी. देवीच्या मंदिराच्या भिंतीला फळी बांधून एक जण वाघ रंगवत होता. पट्टे झकास, पंजे झकास. पण डोळ्यांशी तिची नजर थांबली आणि तिला राहवलं नाही. मनात आलं की तोंडातून बाहेर, ही तिची खोड. या खोडीपायीच तुला शाळेत कायम करत नाहीत, असं आई म्हणायची.

फळीवरचा माणूस वळला. तिशीच्या आतला, सावळा, कपाळावर पिवळ्या रंगाचा फराटा.

“वाघ हाय मॅडम. देवीचा.”

“मग डोळ्यातली बाहुली उभी का? उभी फट मांजराला असते. वाघाची बाहुली गोल. तुमच्या-माझ्यासारखी.”

“तुम्ही बघितलाय का वाघ, इतक्या जवळनं?”

“फोटोत. तुम्ही?”

“आमच्या गावाकडं, पेठला बिबट्या येतो.” तो हसला. “पण तो दिसल्यावर डोळे बघायला थांबतंय कोण?”

तिलाही हसू फुटलं. घोळ असा झाला की शेजारी भाजीची गाडी लावणाऱ्या मंगलाबाईंनी सगळं ऐकलं आणि त्याही हसल्या. मंगलाबाई हसल्या म्हणजे ती गोष्ट गिऱ्हाइकाच्या पिशवीतून घरोघर गेलीच. दोन दिवसांत अख्खी कॉलनी त्या देवीला ‘मांजरावरची देवी’ म्हणू लागली.

दीपमालाला डोळे दिसले, कारण तीन वर्षं तिच्या डोक्यात मांजरांशिवाय दुसरं काही नव्हतं. चित्रकलेच्या इतिहासातली मांजरं, या विषयावर ती प्रबंध लिहीत होती. मार्गदर्शक सर म्हणाले होते, जरा गंभीर विषय घ्या. घोड्यावर लिहिलं असतं तर गंभीर, हत्तीवर लिहिलं असतं तर फारच गंभीर, कारण त्यांच्यावर राजे बसतात. मांजरावर कुणी बसू शकत नाही, ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून विषय हलका! तिनं सरांचं ऐकलं नाही.

पण मांजरावरची देवी हे नाव तिच्या कानावर आलं, आणि त्यामागोमाग हेही कळलं की नवरात्रासाठी सभामंडपाच्या नऊ भिंतींवर देवीची नऊ रूपं रंगवायची आहेत. ते काम याच पेंटरला मिळणार होतं आणि आता मंडळ मागंपुढं बघतंय. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

शनिवारी ती त्याच्या शेडवर गेली. गोरक्ष नाव. कंपन्यांच्या मशिनवर नंबर टाकायचे, ट्रकच्या मागं नावं लिहायची, हे त्याचं रोजचं काम. पत्र्याच्या शेडमध्ये थिनरचा वास आणि डब्यांच्या रांगेत एक केशरी बोका पसरलेला.

“हा आमचा फोरमन,” गोरक्ष म्हणाला. “काम काय करत नाय, नुसता बघत बसतो. त्याला बघूनच वाघ काढला मी.”

“मी माफी मागायला आले.”

“मागा की.”

“मागितली ना आत्ता!”

“आलात फक्त. मागितली कुठं?”

तिनं रागानं बघितलं. तो हसत नव्हता, पण डोळे हसत होते. तिनं पिशवीतून छापील चित्रं काढून त्याच्यासमोर आपटली.

“हे बघा. जपानी वाघ. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे. बाहुल्या बघा.”

गोरक्षनं हात पँटला पुसले. चित्र उजेडात धरलं. मग फोरमनकडं बघितलं, परत चित्राकडं.

“उभ्या हायेत…”

“त्यांच्या देशात वाघच नव्हते. कातडी यायची बाहेरून. पण कातडीबरोबर डोळे येत नाहीत. मग घरातलं मांजर बघायचे आणि वाघाला तेच डोळे लावायचे. मोठमोठे चित्रकार, तुमच्यासारखेच चुकले.”

“माझ्यासारखे!” तो असा काही खूश झाला, जणू कुणी भर चौकात त्याचा सत्कार केला. “मॅडम, बसा ना. चहा सांगतो. अजून हायेत का चित्रं?”

होती. इजिप्तच्या थडग्याच्या भिंतीवर मालकिणीच्या खुर्चीखाली बसून मासा खाणारं मांजर होतं. कोलकात्याच्या कालीघाटचा बोका होता, कपाळावर गंध आणि तोंडात कोळंबी – ढोंगी बुवांची उडवलेली टर. येशूच्या शेवटच्या जेवणाचं एक चित्र होतं, त्यात फरशीवर एकटंच बसलेलं मांजर.

“एवढी माणसं जेवतायत,” गोरक्षनं विचारलं, “त्याला कुणी काही दिलं का?”

या चित्रावर तिनं बावीस पानं लिहिली होती. मांजर म्हणजे कपट, मांजर म्हणजे सैतान, सगळे संदर्भ दिले होते. हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “तसंच बसलंय. आपल्याकडं बघत.”

“मग उपाशी हाय ते,” गोरक्ष म्हणाला. त्यानं आपल्या चहाबरोबरचं बिस्कीट मोडून फोरमनपुढं टाकलं. दीपमाला त्याच्याकडं बघतच राहिली. चहाचा पेला धरलेला हात उगीचच गरम वाटायला लागला.

पुढचे तीन आठवडे शाळा सुटली की ती शेडवर. तो फोरमनची चित्रं काढायचा, ती चुका काढायची.

“कान चुकला.”

“कान बरोबर हाय. तुमचं लक्ष कानाकडं नव्हतं.”

“मग कुठं होतं?”

“ते तुम्ही सांगा…”

कधी ‘मॅडम’ गळून पडलं, कधी ‘अहो’चं ‘अरे’ झालं, दोघांनाही कळलं नाही. घाट उतरताना गाडी आपोआप वेग घेते, तसं झालं.

एका रविवारी दुपारी मंडळाची बैठक होती. “तू ये,” गोरक्ष म्हणाला होता. “काम मिळालं तर पहिल्यांदा तुला सांगायचंय.” नऊ भिंती. सात वर्षं मशिनवर नंबर टाकणाऱ्या माणसाला नऊ भिंती म्हणजे काय, ते तिला त्याच्या आवाजावरून कळलं होतं. ती मंडपाच्या खांबापाशी उभी राहिली.

अध्यक्ष दिनेशभाऊ पांढऱ्या कडक कपड्यांत खुर्चीवर. भाऊंना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोर्डावर फोटो कुणाचा किती मोठा, हे बरोबर कळायचं.

“गोरक्ष, तुझा हात चांगला आहे,” भाऊ म्हणाले. “पण लोक हसले. आता एकच कर. इथं सगळ्यांसमोर सांग, की वाघ बरोबर होता आणि त्या बाईनं मुद्दाम नाट लावला. ती तिकडची आहे. त्यांना आपल्या देवीचं काय? एवढं बोल आणि उद्या काम सुरू कर.”

तिकडची. दीपमालाची बौद्ध वस्ती मंदिरापासून चारशे पावलांवर होती. कुणाला रस्ता सांगायचा असला की ते अंतर चारशे पावलं, आणि असं काही बोलायचं असलं की ‘तिकडे’. हा शब्द वापरणारे स्वतःला फार सभ्य समजतात. शिवी दिली नाही ना, मग झालं! ऐकणाऱ्याला तो बरोबर जिथं लागायचा तिथं लागतो.

तिनं गोरक्षकडं बघितलं. तो गप्प होता. खाली मान घालून, अंगठ्याच्या नखातला रंग खरवडत. गप्प.

तिनं चपला घातल्या. फाटकापर्यंत आली.

“मांजरच हाय ते.”

आवाज मंडपात घुमला. ती वळली.

“बोका बघून काढलंय मी, दिनेशभाऊ. ती खरं बोलली. इतकी वर्षं ब्रश धरतोय, पण बघायचं कसं ते तिनं शिकवलं. नाट-बीट काय नाय. आणि तिकडची म्हणजे काय? तिचं नाव दीपमाला हाय. नाव घ्या.”

“काम गेलं तुझं,” भाऊ शांतपणे म्हणाले.

“कळलं मला.”

त्याच संध्याकाळी नऊ रूपांचं फ्लेक्स छापायला गेलं.

गोरक्ष धावतच फाटकापाशी आला. दीपमालाचे डोळे भरले होते, पण बोलली ती संतापून.

“किती वेळ लावलास! चपला घालून झाल्या माझ्या. फाटकापर्यंत आले मी!”

“हो.”

“हो काय? कसला विचार करत होतास?”

तो खोटं बोलू शकला असता. “नऊ भिंतींचा,” तो म्हणाला. “मोह झाला. वाटलं, एक वाक्य तर हाय, तुला मागनं समजावता येईल. मग तुझी पाठ दिसली… आणि समजलं, तू परत शेडवर येणार नाहीस. मग भिंती घेऊन करू काय?”

रविवारीही चालणाऱ्या कंपन्यांची शिफ्ट सुटली होती. मोटारसायकलींचा लोंढा, बसचे हॉर्न. त्या गोंगाटात दीपमालाला एवढंच स्वच्छ ऐकू आलं.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “पण हे सोपं नाही. माझी आई दहा प्रश्न विचारेल. आणि तुझ्या घरी…”

“आई बोलणार नाय माझ्याशी. भाऊबंद गावात येऊ नको म्हणतील.”

“मग?”

“मग मी जाईन आणि तुझं नाव सांगीन. पेठच्या एसटीत बसायच्या आधीच ठरवून. मंडपात गप्प बसलो, तेवढं आयुष्याला पुरे.”

समोर दिनेशभाऊ पायऱ्या उतरत होते. मंगलाबाई गाडीवर वाकून बघत होत्या. दीपमालानं गोरक्षचा रंगानं खरखरीत झालेला हात धरला आणि दोघं भर रस्त्यातून तिच्या घराकडं निघाले. चारशे पावलं होती. त्यांनी सावकाश चालायचं ठरवलं.