खात्री केली. निघा.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत लोक समाजमाध्यमांवर एकमेकांशी काय बोलले, याच्या अभ्यासाचं काम तेजलकडे आलं होतं. मुलुंडच्या एका मदत-ग्रुपवरच्या एप्रिल २०२१ च्या साडेनऊ हजार पोस्टी. नमुना म्हणून पाचशे वाच, असं वरिष्ठांनी सांगितलं होतं. पण शितावरून भाताची परीक्षा करणं तेजलच्या स्वभावात नव्हतं. तिने सगळं पातेलं उपसलं.

त्यात तिला नलिनी राणे भेटल्या. बाकीचे लोक हाती येईल तो नंबर पुढे ढकलत. निम्मे बंद, उरलेले कुणी उचलत नसे. या बाई मात्र स्वतः फोन लावून मगच लिहीत. ‘खात्री केली. ११.४०. सिस्टर शकु बोलल्या. बेड आहे, निघा.’ खाली नंबर. अशी चारशे बारा उत्तरं, आणि प्रत्येकाखाली कुणीतरी कळवलेलं, ‘मिळाला.’ एकही खोटं नाही. केवढं मन असेल या बाईचं! तेजलला भरून आलं. त्यातलं एक उत्तर तिच्याच पोस्टखाली होतं. त्या बेडमुळे तिचे वडील, भाऊराव, आज बाहेरच्या खोलीत शेंगदाणे खात पेपर वाचत होते.

आभार मानायचे मात्र राहून गेले होते. पाच वर्षं ते तिला खुपत होतं. राणेबाईंच्या मुलाचा, सर्वेशचा नंबर त्याच्याच एका जुन्या पोस्टमध्ये सापडला. शनिवारी सकाळी तिने फोन लावला.

“आईला भेटायचंय?” सर्वेशने विचारलं. “मॅडम, आई तीन एप्रिललाच गेली ना. तिच्या बेडसाठी मी पोस्ट टाकली, तेव्हा कुणीतरी नंबर दिला. फेक होता. तासभर आम्ही त्या गेटवर उभे होतो. मग दुसरीकडे बेड मिळाला, पण फार उशीर झाला होता.”

“पण त्यांच्या नावाने ही उत्तरं?”

“तिचा फोन तिच्याबरोबर वॉर्डात गेला. परत मिळालाच नाही.”

तेजलने पोस्टींचा तक्ता उघडला. बाईंचं पहिलं उत्तर चार एप्रिलचं होतं. तो फोन कुणा भल्या माणसाच्या हाती पडला असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

मग तिने ग्रुपवर आपली जुनी पोस्ट पाहिली. खाली एक नवं उत्तर होतं.

‘खात्री केली. ११.२०. सिस्टर शकु बोलल्या. भाऊरावांसाठी बेड आहे, निघा.’

घड्याळात अकरा एकवीस झाले होते. तिने उत्तराखालचा नंबर फिरवला.

“हो, नलिनीताईंचा आत्ताच फोन आला होता,” पलीकडची बाई म्हणाली. “किती वेळात पोचताय?”

बाहेर भाऊराव शब्दकोडं सोडवत गुणगुणत होते.

चारशे बारा. एकही खोटं नाही.

तिने रिक्षा बोलावली आणि त्यांच्या चपला त्यांच्या पुढ्यात आणून ठेवल्या.

“बाबा, घाला. निघायचंय.”

“अगं, कुठं? मला काय धाड भरलीय?”

“घाला ना, बाबा.”

भाऊराव हसत हसत चपला घालायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.