आयवरसाठी मोडलेलं पाणी

संध्याकाळचा चहा उरकून सिसी आणि तिचा भाऊ फेलिम अर्न सरोवरात लावलेले वाम माशांचे गळ बघायला नावेतून निघाले. वारा अगदी पडला होता. ढग आणि काठावरची झाडं पाण्यात जशीच्या तशी उतरलेली. खरं कुठलं, प्रतिबिंब कुठलं, सांगता येऊ नये.

अशाच संध्याकाळी आयवरचं विमान गेलं होतं. युद्धातली ती विमानं अटलांटिकवर शत्रूच्या पाणबुड्या हुडकून आली की इथे सरोवराच्या पाण्यावरच उतरत. पाणी इतकं स्तब्ध असलं की वैमानिकाला ते नेमकं कुठे सुरू होतं तेच कळत नाही. म्हणून आधी मोटरबोट पळवून लाटा उठवायच्या, अशी रीत. त्या दिवशी मोटरबोट सुरूच होईना. घिरट्या घालून घालून इंधन संपत आलं, आणि विमान पाण्यावर आदळलं. बाकीचे सापडले, आयवर नाही. वेल्सचा तो पोरगा सिसीचा होणारा नवरा. गाणं बेसूर, पण गायची हौस दांडगी. भारी गोड माणूस होता.

"फेलिम, ऐकलंस?"

ढगांत इंजिनाची घरघर फिरत होती. विमान मात्र कुठेच दिसेना.

"असेल दुसरं कुठलं तरी... चल घरी, सिसी."

"मी ओळखत नाही होय त्याचा आवाज? त्याला पाणी दिसत नाहीये रे. किती दिवस असाच फिरायचा बिचारा?"

बहिणीच्या हट्टापुढे फेलिमचं कधीच काही चाललं नव्हतं. दोघांनी वल्ह्यांनी पाणी झोडपायला घेतलं. दूरवर लाटा गेल्या. घरघर खाली आली, डोक्यावरून गेली. पेट्रोलचा भपकारा आला आणि पाण्यावर एक लांब पांढरी रेघ उमटली. मग सगळं शांत.

"उतरला गं बाई माझा राजा," सिसी रडतरडत हसली.

नाव एका अंगाला कलली. कुणीतरी ठिबकत आत चढलं. अंधारून आलं होतं, काही दिसत नव्हतं. पण सिसीच्या हातात एक गार हात आला. ती तो मायेने चोळू लागली.

"सरक जरा फेलिम, गारठलाय तो."

फेलिम सरकला आणि वल्हवू लागला. काठ जवळ आला, तसा तो थबकला.

"सिसी... वर ऐक."

ढगांत तीच घरघर अजून फिरत होती.

सिसीने हात सोडवून घेऊ पाहिला. तो सुटेना.