ताईची मुळाक्षरं

लहानपणी एका तापात माझे डोळे गेले, पाठोपाठ कानही गेले. घरातले रडून घेऊन गप्प बसले. ताईने मात्र माझा हात ओढून घेतला आणि त्यावर मुळाक्षरं बसवली. बोटं पाच, वर्गही पाच. अंगठ्यावर क-ख-ग, पुढच्या बोटावर च-छ-ज, असं करंगळीपर्यंत, उरलेली तळव्यावर. काना-मात्रा तिने सरळ गाळून टाकल्या. "एवढा मठ्ठ नाहीस तू, लावशील अर्थ," हे तिने माझ्या हातावर टेकवलेलं पहिलं वाक्य. अक्षर चुकलं की अंगठ्याने तळवा पुसायचा.

शेंबडं पोरही तासाभरात शिकेल, अशी तिची फुशारकी. शेंबडं पोर राहू द्या, घरातलं कोणीही शिकलं नाही. कोणाला सवडच नव्हती. ताई गेली आणि माझ्याशी बोलणारं जगात कोणी उरलं नाही. आता मावशी डबा घेऊन येतात. त्यांची खांद्यावर एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तेवढ्यावर आमचं भागतं.

परवा दुपारी खिडकीशी ऊन खात बसलो होतो. गालावरचं ऊन एकाएकी सरकलं, आणि कोणीतरी माझा उजवा हात हातात घेतला. तो हात ना गार होता, ना गरम. बोटं माझ्या बोटांवर चाचपडत अक्षरं टेकवू लागली, अगदी नवशिक्यासारखी. एक अक्षर चुकलं... आणि अंगठ्याने माझा तळवा पुसला.

हात ओढून घ्यावासा वाटला. पण किती दिवसांनी कोणी बोलत होतं! मी हात तसाच ठेवला.

"कोण?" मी विचारलं.

"तू ओळखत नाहीस... ताई शिकवते आम्हाला."

"आम्हाला?"

तो हात सुटला. दुसरा आला, लहानसा, घाईघाईचा. मग एक खरखरीत, म्हाताऱ्या माणसाचा. प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "कळतंय ना?" मी हो म्हटलं की तो हात माझी बोटं घट्ट आवळायचा.

तेवढ्यात साबणाचा आणि कांद्याचा वास आला. मावशी आल्या होत्या.

"मावशी, खोलीत कोणी आहे का हो?"

खांद्यावर दोन थापा पडल्या. उजव्या तळव्यावर अक्षरं चालूच होती.

त्या गेल्यावर मी धीर करून विचारलं, "ताई कुठे आहे?"

"रांगेत... शेवटी."

ताईच ती! सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कधी घास घेतला नाही तिने. मला रडूच फुटलं.

"तिच्या पुढे किती जण आहेत?"

बोटं थांबली. बहुधा मागे वळून बघत असावं कोणी. मग सावकाश अक्षरं आली.

"जिना भरलाय... खाली रस्ताही..."

रांग जरा लवकर सरकावी म्हणून मी डावा हातही पुढे केला. तोही लगेच कोणीतरी धरला.