दुमडलेलं टोक

जखमेवर चिकटपट्टी लावली की तिचं एक टोक जरासं दुमडून ठेवायचं. काढताना नखं लावावी लागत नाहीत, कातडी ओढली जात नाही. थोरलीनं ही रीत आपल्या धाकट्या जावेला शिकवली होती. दोघी एकाच इस्पितळात नर्स. धाकटी डावरी, त्यामुळे तिचं टोक नेमकं डावीकडे दुमडलेलं असायचं आणि थोरलीचा हात दर वेळी अडखळायचा.

"अगं, सगळ्या जगाचा हात उजवा आहे!"

"मग जगानं वळावं, जाऊबाई," डावरी हसून म्हणायची.

भूकंपात जुना वॉर्ड बसला, तेव्हा डावरी आत ड्यूटीवर होती. त्या वॉर्डाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी ती बुजवून वर रंग फासला, कागदोपत्री वॉर्ड बंद केला आणि रुग्ण मात्र तिथंच ठेवले. थोरलीनं तक्रार केली, तर म्हणाले, "भिंती बघायला इंजिनियर आहेत. तुम्ही पेशंट बघा."

आता इस्पितळ गाड्या लावायच्या पटांगणात, ताडपत्र्यांखाली भरलं होतं. पाणी नाही, हातमोजे धुऊन पुन्हा वापरायचे. चिकटपट्टी तर केव्हाच संपली होती. चादरी फाडून जखमा बांधत होते. थोरलीच्या डाव्या हातालाही काच लागली होती. त्यावर तिनं अशीच चिंधी गुंडाळली होती. आणि साहेब हात वर करून मोकळे झाले होते: जुना वॉर्ड रिकामा होता, ढिगारा सपाट करा, पाहणीला वरून माणसं येणार आहेत. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी ती एका गवंड्याच्या पायाची चिंधी सोडायला वाकली. चिंधी नव्हतीच. पांढरी स्वच्छ पट्टी होती आणि तिचं टोक डावीकडे दुमडलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"तुमच्यातल्याच बाई होत्या. बोलल्या नाहीत काही. हात फार गार होते त्यांचे," गवंडी म्हणाला. "अंगभर चुना सांडला होता."

शेजारच्या बाईच्या खांद्यावर तसंच टोक. पलीकडच्या म्हाताऱ्याच्या कपाळावरही तसंच.

थोरलीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तिनं सरळ हिशेब मांडला. चिकटपट्ट्यांचा साठा जुन्या वॉर्डात होता. म्हणजे आत जायला वाट आहे. म्हणजे डावरी जिवंत आहे! वेडी पोर आत-बाहेर करत असेल. ती धावत सुटली.

ढिगाऱ्यापाशी यंत्र सुरू झालं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाजूला व्हा, सिस्टर. आत कोणी नाही," साहेब म्हणाले.

"डोळ्यांवर कातडं ओढून किती दिवस काढणार, साहेब? माझी जाऊ आहे आत! आधी मला सपाट करा."

यंत्रवाल्यानं साहेबांकडे न बघता यंत्र बंद केलं. रुग्णांचे नातेवाईक हातांनी विटा उचलू लागले.

वाट कुठंच नव्हती. उंदीर जाईल एवढीही नाही.

दुपारी खाटेखालून एक म्हातारी जिवंत निघाली. तिच्या डोक्यावरची पट्टी ताजी होती, औषध अजून ओलं होतं.

"सिस्टर आत्ताच उठून गेल्या," ती म्हणाली.

डावरी तिच्या शेजारीच होती. तुळईखाली.

डॉक्टर वाकले. "पहिल्याच धक्क्यात गेली असणार," ते हळूच म्हणाले.

तिच्या डाव्या हातात चिकटपट्टीची रिकामी रिंग होती. पट्टी शेवटपर्यंत वापरून झाली होती.

तोवर कॅमेरेवाले आले. साहेबांनी गळा दाटून आणला. "आमची ही शूर सिस्टर, अखेरपर्यंत कर्तव्यावर..."

मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणजे काय, ते थोरलीनं उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"रिकाम्या वॉर्डात सिस्टर कुठून आली, साहेब?" ती सगळ्यांसमोर ओरडली आणि तिनं डावा हात त्यांच्यावर रोखला.

साहेब कॅमेऱ्यासमोरून मागे सरले. तिची नजर रोखलेल्या हातावर गेली.

हातावरची चिंधी गेली होती. तिथं पांढरी पट्टी होती, चुन्याचा एक ठसा उमटलेली.

टोक दुमडलेलं होतं. या वेळी उजवीकडे.