चार मिनिटं अकरा सेकंद

"माझ्या दादाच्या छातीला हात कुणी लावला?"

तेराव्याच्या पंगतीत जोतिबानं हे विचारलं, तेव्हा दादाबरोबर पळायला जाणाऱ्या आठही जणांनी माना खाली घातल्या. एकानं बोटाला लागलेलं तूप तेवढं चाटलं.

ही गोष्ट सांगतो आकाराम तात्या. फौजेच्या दवाखान्यात वीस वर्षं काढलेला माणूस. अंधार पडला की मैदानावर भरतीची पोरं त्याच्याभोवती बसतात. "ऐकीव न्हाई रं," तो म्हणतो. "जोतिबा माजा शेजारी. त्याच्याच तोंडून ऐकलंय."

गेल्या वर्षी बारा फेब्रुवारीला पहाटे धैर्यशील, जोतिबाचा दादा, कोरेगावजवळ कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यावर मोरीच्या छोट्या पुलापाशी कोसळला. शेजारच्या वाफ्यातला कांदा उपटून कुणी नाकाला लावला. कुणी पायातली चप्पल हुंगवली. मिटल्या दातांतून बाटलीभर पाणी ओतलं. त्या आठांतलाच जयराज मोबाईलवर शूटिंग करत राहिला. चार मिनिटं अकरा सेकंद. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं होतं, लगेच छाती दाबायला हवी होती. जोतिबानं ते शूटिंग शेवटपर्यंत पाहिलं.

मग तात्याकडं आला. "मला शिकवा."

तात्यानं वाळूचं पोतं आडवं टाकलं. "छातीच्या मधोमध. कोपर ताठ. दोन इंच खाली, मिनिटाला शंभरच्या वर. दमलास तर दुसऱ्याला दे, पर हात थांबवू नगंस."

"आन् दुसरा नसंल तर, तात्या?"

तात्यानं त्याचे हात धरून पोत्याच्या मधोमध ठेवले.

यंदा शेतीला रात्रीची लाईट होती. फेब्रुवारीच्या अकराची रात्र सरून बारा तारीख लागली होती. पावणेचारला जोतिबा मोटर चालू करायला निघाला. थंडी होती. कानाला मफलर, हातात बॅटरी. तारीख त्याच्या ध्यानातही नव्हती.

मोरी जवळ आली आणि कांद्याचा वास आला.

तो थांबला. त्या रानात यंदा ऊस होता. कांदा नव्हताच.

पुढं रस्त्यावर उजेड. पडलेला मोबाईल. शेजारी माणूस.

जयराज.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात त्याची भरतीची धाव होती, म्हणून एकटाच पळायला आला होता. डोळे अर्धे उघडे. मधूनच घशात एक घरघर... मग काही नाही.

जोतिबा त्याच्या शेजारी थुंकला. खिशातून मोबाईल काढला. वाटलं, आपणही धरावा समोर. चार मिनिटं अकरा सेकंद. मग उठून जावं.

बोट कॅमेऱ्यावर गेलं... आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

गुडघे टेकले. १०८ लावला. रेंज नाही. रेंज वर, बांधावर. मोबाईल टाकून त्यानं कोपर ताठ केले.

एक. दोन. तीन...

मदतीला हाका मारल्या. रानात चिटपाखरू नव्हतं. शंभर झाले. तीनशे झाले. खांदे जळायला लागले. हात थांबवले तर हा मरतो. नाही थांबवले तर गाडी येत नाही.

"सरक."

समोरून. अगदी जवळून.

"सरक की गड्या. दमलास. दे हिकडं."

त्या आवाजात त्याला वर्षभरात कुणी हाक मारली नव्हती.

तो सरकला. मोबाईल घेतला. बांधावर पळाला. १०८ ला ठिकाण सांगितलं. खालून मोजणं ऐकू येत होतं...

सत्तावीस... अठ्ठावीस... एकोणतीस...

त्यानं वळून बॅटरी मारली.

जयराजजवळ कुणी नव्हतं. छाती खाली जात होती. वर येत होती. खाली...

"दादा..."

मोजणं थांबलं. जोतिबा धावत आला आणि पुन्हा दाबायला लागला. गाडी येईपर्यंत सोडलं नाही. गाडीतल्या माणसांनी शॉक दिला, आणि जयराजनं श्वास घेतला.

उजाडल्यावर तात्या स्वतः मोरीवर गेला. धुळीत जयराज पडल्याची खूण होती. अलीकडं दोन गुडघे उमटलेले. पलीकडं दोन. पलीकडच्या गुडघ्यांकडं येणारं पाऊल नव्हतं. जाणारंही नव्हतं.

जोतिबा त्या आठ जणांशी आजही बोलत नाही. जयराजची आई पाया पडायला आली, तेव्हा तो मागच्या दारानं निघून गेला. त्याच संध्याकाळी त्यानं वाळूचं पोतं खांद्यावर घेतलं, या मैदानावर उरलेल्या सात जणांच्या पुढ्यात टाकलं, एकेकाची मान धरून गुडघ्यावर बसवलं, आणि त्यांचे हात पोत्याच्या मधोमध ठेवले.